वन्संचं विरजण

पोरांनो, पुण्याहून आलात, भुका लागल्या असतील, सगळं कबूल. पण ताटं मागायच्या आधी या घराचे दोन नियम ऐका. मिरजेत कुणीही, कितीही प्रेमानं दही, ताक, कढी, लस्सी दिली तरी तोंडाला लावायची नाही. आणि गिरिजामामी जेवायला बसल्याशिवाय या घरात कुणी जेवत नाही. तिला अजून भूक लागलेली नाही. तोवर पाय वर घेऊन बसा, मी गोष्ट सांगते.

मी रंगवून सांगते, हे तुमची आई तुम्हाला बजावूनच पाठवते. मागच्या वेळी फोनवर मी सांगितलं ना, की कृष्णेतल्या मगरीनं माझी वाहून गेलेली साडी घडी घालून परत आणून दिली? ते खोटं होतं. घडी नव्हती घातली. आजच्या गोष्टीत मात्र जे सगळ्यात खोटं वाटेल तेच खरं आहे, एवढं ध्यानात ठेवा.

तुमची गिरिजामामी लग्न होऊन आली तेव्हापासूनच अंगानं भरलेली. इरा झाली आणि वजन इतकं वाढलं की गुडघे कुरकुरायला लागले, साखर वाढली, झोपेत श्वास अडकायला लागला. या बिनड्रायव्हरच्या रिक्षा नवीन आल्या होत्या तेव्हा. ती बसली की रिक्षा सगळ्या स्टँडसमोर गोड आवाजात म्हणायची, कृपया मोठे वाहन निवडा. ती हसून उतरायची. घरी आली की स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची आणि ओट्याला टेकून, उभ्या उभ्या, मिळेल ते खायची. एकदा तांदळाच्या डब्यात पेढ्यांचा पुडा सापडला. कुणी काही बोललं नाही, आणि न बोललेलंच तिला जास्त लागलं.

इरा रांगत होती तेव्हा मामीच्या पोटाचा बायपास झाला. म्हणजे काय, तर जठराचा वरचा लिंबाएवढा तुकडा वेगळा करतात आणि त्याला खालचं आतडं थेट जोडून देतात. बाकीचं जठर आणि आतड्याचा पहिला भाग तसाच राहतो, पण बाजूला पडतो. गावाबाहेरून नवीन रस्ता काढला की एसटी गावात शिरत नाही आणि जुन्या स्टँडवरचा वडेवाला माशा मारत बसतो, तसं. तिच्या आतड्याच्या पहिल्या भागाकडे अन्न फिरकतच नाही. हे नीट लक्षात ठेवा, पुढं सगळं यावरच आहे.

वर्षभरात ती निम्मी झाली. तिच्या जुन्या ड्रेसात मी आणि वन्सं दोघी मावलो आणि तसंच मंडईत जाऊन आलो. बरं, मंडईत नाही, जिन्यापर्यंत.

मग वजन हळूहळू परत आलं. लोकांना वाटलं, हिनंच बेताल खाल्लं असणार. डॉक्टर तांबोळीबाई म्हणाल्या, असं पुष्कळांचं होतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लिंबाचं मोसंबं होतं, जोडाचं तोंड सैल पडतं, अन्न घसरून लगेच खाली जातं, आणि शरीर आपलं जुनं वजन परत मागायला लागतं. पुन्हा पोट उघडणं धोक्याचं होतं, आत सगळं एकमेकांना चिकटलेलं. मग सुरीशिवाय काय करता येईल ते सुरू झालं. आधी आहार मोजून दिला. मग आठवड्याचं इंजेक्शन, त्यानं भूक गेली खरी, पण स्वादुपिंडाला सूज आली म्हणून ते थांबवलं. राहिलं काय, तर तोंडातून दुर्बीण घालायची आणि ते सैल तोंड आतूनच टाके घालून आवळायचं. त्याची तारीख ठरणार, तेवढ्यात जंतूंची कॅप्सूल आली.

तुमच्या-माझ्या आतड्यात जंतू असतातच, बहुतेक गरीब स्वभावाचे. शास्त्रज्ञांनी त्यातल्या काहींना एक गोष्ट शिकवली. अन्न दिसलं की मेंदूला निरोप पाठवायचा, पोट भरलं. हा निरोप आपलं आतडं पाठवतंच, पण हे जंतू तोच निरोप लाउडस्पीकर लावून पाठवायचे. कॅप्सूलला लेप असा, की ती वर न उघडता जोडाच्या खूप खाली जाऊन उघडेल. हे जंतू तिथं रमायचे, पण काही दिवसांत वाहून जायचे, म्हणून दर आठवड्याला नवी कॅप्सूल.

पहिल्या आठवड्यात गिरिजानं ताटात अर्धी भाकरी ठेवली. नुसती ठेवली आणि तिच्याकडे बघत बसली, कुणी ओळखीचं माणूस गावाला निघाल्यासारखं. म्हणाली, “आई, मला नकोय. खरंच नकोय.” आणि रडायला लागली.

ती कंपनी कुणीतरी विकत घेतली आणि नव्या मालकानं तो प्रयोग बंद करून टाकला. तांबोळीबाईंनी उरलेल्या मूठभर कॅप्सूल गिरिजाला दिल्या आणि सांगितलं, या संपल्या की माझ्याकडे काही नाही.

आता वन्सं. तुमच्या आजोबांची थोरली बहीण, प्रमिलावन्सं. त्या तिकडे खिडकीत बसल्यात त्याच. त्यांच्या हातच्या दह्यासारखं दही जिल्ह्यात नव्हतं. पातेलं उपडं केलं तरी पडायचं नाही. आमच्या गच्चीला तडा गेला तेव्हा गवंडी ते मागायला आला होता. नव्हता आला, पण यायला हवा होता. तर त्या दिवशी गिरिजा डब्यातल्या कॅप्सूल पुन्हा पुन्हा बघत होती आणि वन्संनी सरळ विचारलं, हे जिवंत असतं म्हणता ना? गिरिजा हो म्हणाली. मग जिवंत गोष्ट संपते कशी, वन्सं म्हणाल्या.

इतकी वर्षं ज्या बाईनं एक चमचा विरजणावर घर चालवलं, दुष्काळात, करोनात, बदलीच्या गावी डबीतून नेऊन, तिला कोण काय समजावणार? त्यांनी कॅप्सूल फोडल्या, कोमट दुधात मोडल्या, पातेल्याला टॉवेल गुंडाळला. सकाळी दही लागलं होतं. आणि चवीला, काय सांगू, झकास.

गिरिजा रोज वाटीभर खायला लागली. उरलेलं आम्ही. आणि संध्याकाळी नेहमीसारख्या शेजारणी वाट्या घेऊन दारात, प्रमिलाताई, जरा विरजण द्या हो. विरजणाला नाही म्हणायची आपल्यात पद्धत नाही. वन्संनी सगळ्यांना दिलं. त्या बायकांनी आपापल्या जावांना, बहिणींना दिलं. एकीचा भाऊ डेअरीत होता.

आधी गावात आनंदीआनंद. साखरेच्या गोळ्या खपेनात. बायका लग्नातले ब्लाउज घालून मिरवायला लागल्या. शिंपी पँटी आवळून आवळून दमले. मग समोरच्या आरग्यांकडे लग्न निघालं. पंगत बसली, वाढपी जिलब्यांची ताटं घेऊन फिरताहेत, आणि सगळी पंगत पानावर आडवा हात धरून बसलेली. व्याह्यांना वाटलं अपमान केला. आचारी मंडपामागं जाऊन रडला. उरलेली बासुंदी नदीत सोडली आणि त्या आठवड्यात मगरींना पोहवेना. हे शेवटचं माझं, बाकी खरं.

मग म्हातारी माणसं बसल्या जागी चक्कर येऊन पडायला लागली. तपासणी झाली, माणसं पांढरे कपडे घालून घरोघर फिरली, दही गोळा करून पुरलं. औषधं दिली. औषधानं जंतू जायचे आणि थोड्या दिवसांत परत हजर, भांड्यांवरून, हातांवरून, एकमेकांच्या उष्ट्यातून. बाहेरचं माणूस इथं आठवडाभर राहिलं की त्याचीही भूक जाते. म्हणून पाहुणे येईनासे झाले. नवीन औषध शोधताहेत, म्हणजे शोधताहेत असं सांगतात.

सगळ्या गावात भूक राहिली एका माणसाला. गिरिजाला.

ती वाट्याच्या वाट्या दही खात होती आणि वजन वाढतच होतं. तांबोळीबाईंनी तिला कागदावर आतडं काढून दाखवलं. दह्यात राहून जंतूंनी खोड बदलली होती. लेप नव्हता, त्यामुळे जठराच्या आम्लातून जे तगले तेच वाढले, आणि ते आतड्याच्या पहिल्याच भागात घर करायला शिकले. खाली राहायचं विसरले. तो पहिला भाग तुमच्या-आमच्या रस्त्यावर आहे. गिरिजाच्या रस्त्यावर नाही. तिच्याकडे ते नुसते येऊन पुढं निघून जात होते. जिच्यासाठी हे सगळं झालं, ती कोरडीच राहिली.

वन्संना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं दुधाचं पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “नासलं असतं तर कळलं असतं गं, मंगल. हे तर छान लागलं होतं.” तेव्हापासून त्या खिडकीत बसतात. दुधाच्या पातेल्याला हात लावत नाहीत.

मोठ्या माणसांचं मी सांगत नाही. आम्ही घड्याळ लावून गिळायचो, औषध घेतल्यासारखं. लहान मुलांना ते जमत नाही. भरल्या पोटी चार घास कोंबून बघा, उलटून पडतात. इराचं तसंच झालं. नववं लागलेलं, वाढीचं वय, आणि पोर वाळत चालली. फ्रॉक लांबीला पुरायचे आणि अंगाला मोठे व्हायचे. नाकातून नळी घातली, ती झोपेत उपसायची. मंदार, तुमचा मामा, तिच्यासमोर भाकरी घेऊन मिटक्या मारत बसायचा, वा वा, काय भूक लागली आहे म्हणून. इरा त्याच्याकडे शांतपणे बघायची आणि म्हणायची, बाबा, खोटं.

माझ्याही गोष्टी तिनं ऐकणं सोडून दिलं. तुमच्या आजीची गोष्ट ऐकायला पोर आली नाही, म्हणजे बघा.

एका दुपारी काय झालं, गिरिजा स्वयंपाकघरात दार लोटून उभी होती. कांदा बुक्कीनं फोडलेला, भाकरी, ठेचा, वर तेलाची धार. लाज तिची जुनीच, आणि आता तर घरात कुणी खात नाही, पोर वाळतेय, आणि आपल्याला मेलं एवढं लागतं, म्हणून दुप्पट लाज. इरा पाणी प्यायला आत गेली. मी हॉलमधून बघत होते. पोर दारातच थांबली. आईकडे बघत राहिली. कांदा करकर वाजत होता, गिरिजाच्या कपाळावर घाम, डोळ्यांतून पाणी, ठेच्याचं की कशाचं कोण जाणे. तिला मागं कुणी आहे हे कळलंच नाही. इरानं थुंकी गिळली. मी पाहिलं, गळा हलला तिचा. मग तिनं हात पुढं केला.

“मला दे,” म्हणाली.

त्या दिवशी तिनं पाव भाकरी खाल्ली. आणि पोटात राहिली.

तांबोळीबाई म्हणाल्या, बरोबर आहे. भूक काही नुसती पोटातून येत नाही. दुसऱ्याला मनापासून खाताना बघितलं, ऐकलं, वास आला, की तोंडाला पाणी सुटतं आणि पोट थोडा वेळ तयारीला लागतं. तो निरोप डोळ्याकानांतून जातो, तिथं जंतूंचा लाउडस्पीकर पोचत नाही. थोडाच वेळ, पण तेवढ्यात चार घास उतरतात. व्हिडिओ लावून पाहिले, चाललं नाही. समोर जिवंत माणूस लागतं आणि त्याची भूक खरी लागते. पोरांना ते कसं कळतं ते त्यांनाही सांगता आलं नाही.

झालं. गिरिजाचं ताट हॉलमध्ये आलं. इरा समोर. मग समोरचे आरगे आपल्या नातवाला घेऊन आले, बसू का जरा म्हणून. मग कोपऱ्यावरची सुतारीण, मग कोण कोण. ही एवढी रांग, पार दर्ग्यापर्यंत. बरं, जिन्यापर्यंत, पण रोज. गिरिजा जेवायची आणि माणसं बघायची, आणि घाईघाईनं आपल्या डब्यातले चार घास खायची. एकदा सगळे गेल्यावर ती मला म्हणाली, “आई, आयुष्यभर लपून खाल्लं. आता लोक बघायला येतात. आणि मला नको असलं तरी भूक लागायला हवी.”

तिला ताप आला की घर उपाशी. तिची भूक मागं-पुढं झाली की आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसतो. इरा तर तिच्या पोटाला कान लावून बसते. आत गुरगुरलं की ओरडत येते, आजी, वाजलं. आणि आम्ही ताटं मांडतो.

आणि ती भूक तिला खातेय. साखर हाताबाहेर गेली, यकृतावर चरबी, पाय सुजतात, रात्री मशीन लावून श्वास घ्यावा लागतो. तांबोळीबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ते सैल तोंड आता आवळलंच पाहिजे, थांबलो तर हृदय थांबेल. टाके घातले की ही अशी भूक राहणार नाही. हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांचाही मुलगा आमच्या जिन्यात येऊन बसतो.

एकदा ती गेली होती टाके घालून घ्यायला. मी, मंदार, इरा बरोबर. पोट रिकामं ठेवायचं असतं, त्यामुळे आदल्या दिवसापासून पोटात काही नाही. हिरवा झगा घालून पलंगावर पडलेली, आणि इरा सवयीनं पोटाला कान लावून. आत वाजत होतं, बाहेर मला ऐकू येत होतं. इरानं डोकं वर केलं. इतक्या महिन्यांत तिनं कधी आपणहून भुकेचं नाव काढलं नव्हतं. म्हणाली, “आई, मला भूक लागली.”

गिरिजा उठली. मंदारसाठी आणलेला डबा तिनं उघडला आणि त्या झग्यातच मांडी घालून जेवायला बसली, पोरीला समोर घेऊन. सिस्टर धावली. तांबोळीबाई दारात आल्या, बघितलं आणि सिस्टरला म्हणाल्या, राहू दे. नवीन तारीख देते.

त्यानंतर तारखा येतात आणि जातात. मंदार तिला जा म्हणत नाही आणि जाऊ नको म्हणत नाही. तो गाडी धुतो. मीही काय म्हणणार? सून वाचव म्हणू की नात वाचव म्हणू? इथं रंगवायला मला काही सुचत नाही पोरांनो, म्हणून सरळ सांगते. मला काही कळत नाही.

आता खरं बोलायची वेळ आली. सुरुवातीला मी म्हटलं, गिरिजामामीला अजून भूक लागलेली नाही. ते खोटं होतं. तिला दुपारपासून लागली आहे. उद्या सकाळी तिची तारीख आहे आणि आज तिला पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. ती स्वयंपाकघरात आहे. दार लोटून घेतलंय बघा. पूर्वी खाताना कुणी बघू नये म्हणून लोटायची. आज पोट वाजलेलं इराला ऐकू जाऊ नये म्हणून लोटलंय.

ती मला म्हणाली, माझ्याशिवाय इरा एकदा पोटभर जेवलेली मला बघायची आहे. जेवली तर मी जाईन. नाही तर नाही. आणि ती नाही म्हणाली की नाही.

म्हणून मी तुमच्या आईला फोन केला. तिनं फोन ठेवला, परत केला, परत ठेवला. शेवटी म्हणाली, एक रात्र, आमची भांडी, आमचं पाणी, आणि उद्या दुपारच्या गाडीनं परत. गाडीत तुम्हाला काही खायला द्यायचं नाही, हे मीच तिला सांगितलं होतं. आणि एवढी लांबड लावून गोष्ट सांगितली ती का, ते आता कळलं असेल. मघापासून तुमची पोटं वाजताहेत, मला ऐकू येतंय. रागावू नका. रागावला असाल तरी जेवून मग रागवा.

उद्यानंतर काय, परवा कोण, पुढच्या आठवड्यात कुणाची पोरं आणायची, हे मला विचारू नका. मला आजचंच माहीत आहे.

उठा, हात धुवा. तुमची ताटं वेगळी ठेवलीत, पिशवीतली. भरली वांगी आहेत, भाकरी तव्यावरून थेट येतील, कांदा बुक्कीनंच फोडा, आवाज झाला पाहिजे. इरा तिकडे बसेल, तुमच्या बरोबर समोर. ती बोलणार नाही, नुसती बघेल. तिच्याकडे बघून हसू नका, तिला आग्रह करू नका. तिला विसरून जा आणि जेवा. मिटक्या मारायच्या नाहीत, तिला लगेच कळतं.

वन्सं, खिडकीतून या हो इकडे. मंदार, गाडी राहू दे.

आली इरा. बस गं, इथं बस.

हं, पोरांनो. घ्या घास.